सहावा मुद्दा पहिला हवा होता



आजच्या व्याख्यानात आम्ही एका अहवालाचं परीक्षण करणार आहोत. पुस्तकाचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं. तांत्रिक अहवालाचं सहसा होत नाही. तो कंपनीच्या माणसांनी लिहायचा आणि कंपनीच्या माणसांनीच वाचायचा, असं आपण धरून चालतो. पण ज्या कागदावर आपल्या टेबलावरच्या संगणकाबद्दल निर्णय लिहिलेले असतात, तो कागद आपण न वाचून कसं चालेल? साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल सभासद वाचतोच ना? मग हाही वाचू.

अहवाल आहे क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीचा. प्रसिद्ध झाला ६ ऑगस्ट २०२४ रोजी. विषय, १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी जगभर जे झालं त्याचं मूळ कारण. त्या दिवशी कंपनीनं आपल्या फाल्कन नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. मुंबईसह देशातल्या मोठ्या विमानतळांवर चेक-इन खोळंबलं. बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. एकट्या इंडिगोला जवळपास दोनशे उड्डाणं रद्द करावी लागली.

बँकांचं काय झालं? रिझर्व्ह बँकेनं त्याच दिवशी सांगितलं, की फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. कारणही दिलं. बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या यंत्रणा क्लाउडवर नाहीत आणि हे सॉफ्टवेअर मोजक्याच बँका वापरतात. नीट लक्षात घ्या. आपण वाचलो ते आपली व्यवस्था जास्त चांगली होती म्हणून नाही, तर ते सॉफ्टवेअर आपल्याकडे कमी ठिकाणी होतं म्हणून. पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर असेल आणि ते आपल्याकडे सगळीकडे असेल. म्हणून हा अहवाल भवानीनगरला बसून वाचायचा.

आता एक शब्द आधी स्पष्ट करू. एजंट. एजंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो पतसंस्थेचा पिग्मी एजंट. रोज दुकानात येतो, रक्कम घेतो, पावती देतो, संस्थेत भरणा करतो. संगणकातला एजंटही साधारण असाच. संस्थेच्या प्रत्येक संगणकात बसवलेला एक छोटा प्रोग्रॅम. इथली खबर मुख्य सर्व्हरला देतो आणि तिथून आलेला हुकूम इथे अमलात आणतो. अँटिव्हायरस असो, बॅकअप असो, मालमत्तेची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर असो, सगळ्यांचे असे एजंट असतात.

फरक एक आहे. पिग्मी एजंट दुकानाच्या फळीपर्यंत येतो. सुरक्षेचा एजंट तिजोरीच्या खोलीतच राहतो. विंडोजचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तिथे तो काम करतो. साधा प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटा बंद पडतो. गाभ्यातला बिघडला की अख्खा संगणक बसतो आणि निळा पडदा येतो. १९ जुलैला तेच झालं. संगणक पुन्हा सुरू व्हायचा, तीच फाइल वाचायचा आणि पुन्हा पडायचा.

चूक नेमकी काय होती? इथे अहवालाचं कौतुक करायला हवं, कारण त्यानं ती सोलून दाखवली आहे. आम्ही आपल्या भाषेत सांगतो. समजा ऊसनोंदणीचा एक फॉर्म आहे, त्यात २१ रकाने. पण शेतावरून माहिती आणणारा माणूस २० रकान्यांचीच माहिती आणतो. एकविसाव्या रकान्यासाठी नियम होता 'काहीही चालेल', त्यामुळे तिथे कुणी बघतच नव्हतं. हा फॉर्म फेब्रुवारी २०२४ मधल्या आवृत्तीबरोबर आला. मार्चमध्ये त्याची चाचणी झाली. मार्च-एप्रिलमध्ये त्यावर आधारलेले चार नियम पाठवले गेले, सगळे सुरळीत चालले. १९ जुलैला आलेल्या नव्या नियमानं पहिल्यांदाच सांगितलं, एकविसावा रकाना तपासा. तपासायला जावं तर तिथे माहितीच नाही. माणूस असता तर परत जाऊन विचारून आला असता. प्रोग्रॅमनं नसलेल्या जागी हात घातला आणि विंडोजनं सगळं काम थांबवलं.

आणि जी तपासणी यंत्रणा हा घोळ पकडणार होती, तिच्याच तर्कात चूक होती. २१ रकाने भरून येतील असं तीही गृहीत धरून बसली होती. तपासणारा आणि करणारा दोघांचं गृहीत एकच असेल, तर तपासणी ही नुसती सही उरते. हे वाक्य अहवालातलं नाही, आमचं आहे. पण अहवाल वाचल्यावर दुसरा निष्कर्ष निघत नाही.

आता अहवालाची रचना बघू. त्यात सहा निष्कर्ष आहेत. पहिला, रकान्यांची संख्या जुळते का हे प्रोग्रॅम तयार करतानाच तपासलं गेलं नव्हतं. दुसरा, चालू असताना हद्द तपासणारी ओळ नव्हती. तिसरा, चाचण्या पुरेशा वेगवेगळ्या प्रकारच्या नव्हत्या. चौथा, तपासणी यंत्रणेच्या तर्कात चूक. पाचवा, नवा नियम प्रत्यक्ष वाचणाऱ्या भागात चालवून बघायला हवा होता. आणि सहावा, नियम सगळीकडे एकदम न पाठवता टप्प्याटप्प्यानं पाठवायला हवेत.

आमचा आक्षेप या क्रमावर आहे. पहिले पाच मुद्दे या एका चुकीबद्दल आहेत. ते दुरुस्त केले की ही चूक पुन्हा होणार नाही. पण पुढची चूक ही नसेलच, दुसरी असेल. सहावा मुद्दा एकच असा आहे, की जो अजून माहीत नसलेल्या चुकीलाही आवर घालतो. पहिल्या पाचपैकी एकही काम झालं नसतं आणि फक्त सहावं झालं असतं, तर पहिल्या टप्प्यातले थोडे संगणक पडले असते, कंपनीनं हात आवरला असता आणि बाकी जगाला कळलंही नसतं. म्हणजे चूक २० आणि २१ च्या हिशेबातली होती, पण संकट पाठवण्याच्या पद्धतीतलं होतं. अहवाल चुकीवर पानंच्या पानं खर्च करतो आणि पद्धतीला शेवटी बसवतो.

इथे कुणी म्हणेल, कंपनीकडे टप्पे नव्हतेच का? होते. हीच तर खरी गोष्ट आहे. एजंटच्या मुख्य प्रोग्रॅमची नवी आवृत्ती कधी घ्यायची हे ग्राहक ठरवू शकत होता. सगळ्यात नवी घ्या, एक मागची घ्या, दोन मागची घ्या. पुष्कळ सावध संस्थांनी मुद्दाम मागची आवृत्ती ठेवली होती. तरीही त्या पडल्या. कारण १९ जुलैला आलेली फाइल 'प्रोग्रॅम' नव्हती, ती 'मजकूर' होती. प्रोग्रॅमला ग्राहकाची निवड लागू, मजकुराला नाही. मजकूर थेट सगळ्यांना.

ही विभागणी कुणाच्या सोयीची? बनवणाऱ्याच्या. कंपनीच्या आत प्रोग्रॅम एक गट लिहीत असेल, मजकूर दुसरा गट. पण ज्याचा संगणक आहे त्याच्या दृष्टीनं प्रश्न एकच, यामुळे माझा संगणक बंद पडू शकतो का? पडू शकत असेल, तर तुम्ही त्याला मजकूर म्हणा, नियम म्हणा, काहीही म्हणा, तो बदलच आहे आणि बदलाला संमती लागते. मजकुराला टप्पे आणि ग्राहकाची संमती इतके दिवस का नव्हती, या ऊहापोहात अहवाल शिरत नाही. यापुढे टप्पे करू, ग्राहकाच्या हाती ताबा देऊ, एवढं आश्वासन देतो. आश्वासन चांगलं आहे. पण परीक्षण करणाऱ्यानं कारण मागायचं असतं.

दुसरा आक्षेप वेळेबद्दल. फाइल निघाली तेव्हा कंपनीच्या मुख्यालयात, टेक्सासमधल्या ऑस्टिनला, गुरुवारची रात्र होती. अकरा वाजून गेले होते. आपल्याकडे वाजले होते शुक्रवारी सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. नेमकी ऑफिसं उघडायची वेळ. १० वाजून ५७ मिनिटांनी फाइल मागे घेतली गेली. मधली ७८ मिनिटं. जे संगणक त्या वेळात बंद होते ते बचावले, जे कामाला लागले होते ते सापडले. 'रात्री शांत वेळी बदल करा' हा नियम सगळे शिकवतात. पण रात्र कुणाची? एका झटक्यात साऱ्या जगाला पाठवायचं म्हटलं, की कुणाची तरी गर्दीची वेळ त्यात येणारच.

तिसरा आक्षेप परतीच्या वाटेबद्दल. जायला ७८ मिनिटं. परतायला? अहवालानुसार २९ जुलैपर्यंत साधारण ९९ टक्के संगणक पुन्हा जागेवर आले. म्हणजे दहा दिवस. कारण साधं आहे. जो संगणक सुरूच होत नाही, त्याला नेटवर्कवरून हुकूम देता येत नाही. प्रत्येकापाशी माणूस जायला हवा. सेफ मोडमध्ये सुरू करा, ती एक फाइल शोधा, पुसा, पुन्हा सुरू करा. ज्या संगणकांवर बिटलॉकरचं कुलूप होतं, तिथे आधी ४८ आकडी किल्ली टाका. आणि त्या किल्ल्या जिथे जपून ठेवल्या, तो सर्व्हरच बंद पडला असेल तर? काही ठिकाणी तसंही झालं.

पाठवणं यंत्रानं, निस्तरणं माणसानं. हा हिशेब अहवालात येत नाही. दहा दिवस रात्रंदिवस खुर्च्यांखाली वाकून आकडे टाइप करणारी माणसं त्या कागदावर कुठेच नाहीत.

आता दुसरी बाजू. ती न मांडता परीक्षण पुरं होणार नाही. कंपनी म्हणेल, आमचं काम हल्लेखोरांशी आहे, तिथे थांबायला वेळ नसतो. हे खोटं नाही. ऊस पिकवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. २००२ नंतर लोकरी मावा आला तेव्हा 'तीन वर्षं चाचण्या घेऊ, मग बघू' असं म्हणायची सोय नव्हती.

संगणकाच्या जगात याचं मोठं उदाहरण २०१७ चं. विंडोजमधल्या एका भोकाला मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चला ठिगळ दिलं. १२ मे रोजी वॉनाक्राय आला आणि दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांवर संगणक अडकले. मध्ये ५९ दिवस होते. ठिगळ तयार होतं, लावलं नव्हतं. आणि तरीही लोक जागे झाले नाहीत. २७ जून रोजी नॉटपेट्यानं तेच भोक पुन्हा वापरलं. त्याची झळ थेट आपल्या न्हावा-शेव्याला लागली. जेएनपीटीमधलं मर्स्क समूहाकडे असलेलं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर अडकले. मर्स्कला नंतर जगभरात चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले.

पण याच नॉटपेट्याची दुसरी बाजू बघा. तो पहिल्यांदा शिरला कसा? युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी अपडेट पाठवणारा सर्व्हरच ताब्यात घेतला होता. ज्यांनी इमानदारीनं अपडेट घेतलं, त्यांच्या घरात चोर आला. म्हणजे एकाच घटनेत दोन्ही धडे. अपडेट न घेणारा बुडाला आणि डोळे मिटून घेणाराही बुडाला. म्हणून 'लवकर की उशिरा' हा प्रश्नच अपुरा आहे. खरा प्रश्न, आधी कुठे, मग कुठे, आणि थांबवायचं कुणाच्या हातात.

याचं उत्तर या भागाला नवीन नाही. उसाचं नवं वाण कसं येतं? पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आहे. तिथे वाण निघालं म्हणून दुसऱ्या दिवशी इंदापूर-बारामतीत सगळीकडे लावत नाहीत. आधी वेगवेगळ्या जमिनींत चाचण्या. मग बेण्याची पायरी, मूलभूत, पायाभूत, प्रमाणित. एका एकराचं बेणं पुढे आठ-दहा एकरांना पुरतं, त्यातून पुढचे मळे. को ८६०३२, म्हणजे आपला 'नीरा', असाच पायरीपायरीनं पसरला. प्रत्येक पायरीवर बघायचं, खराब निघालं तर तेवढंच मोडायचं. संगणकाच्या टप्प्यांना वर्षं लागत नाहीत. तास पुरतात. पण पायरी लागतेच. घाई असेल तर पायरीवरचा वेळ कमी करा, पायरी काढून टाकू नका. १९ जुलैला दोन तासांची एकच पायरी असती तरी पुरली असती.

आता कोणत्याही साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांसमोर आणा. हंगाम चालू आहे, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या रांगेत उभ्या आहेत. काट्यावरचा संगणक जुना, त्याला वजनाचं यंत्र जोडलेलं. ऑफिसातल्या वीस नव्या संगणकांवर चाचणी केली आणि 'सगळं ठीक' म्हटलं, तर काट्यावरचा संगणक त्या चाचणीत होता का? नव्हता. पहिल्या टप्प्यात फक्त संगणक विभागाची यंत्रं घेणं म्हणजे फक्त काळ्या जमिनीत वाण तपासणं. प्रत्येक प्रकारचा एकेक संगणक पहिल्या टप्प्यात हवा. काट्यावरचा जसा आहे तसा दुसरा एखादा बाजूला मांडून त्यावर आधी बघा. आणि गाळप चालू असताना काट्यावर, बँकेत व्याजाच्या दिवशी, निकालाच्या आठवड्यात शाळेत, तातडीचं भोक सोडून बाकी बदल बंद. यंत्रांची ओव्हरहॉलिंग आपण हंगाम संपल्यावर करतो. संगणकालाच वेगळा न्याय का?

दुसरं, आवर्तनाची शिस्त. नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटलं आणि वरच्या सगळ्यांनी एकदम दारं उघडली, तर टेलला काय पोहोचतं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. दोनशे एजंटांनी सकाळी नऊ वाजता एकाच इंटरनेट जोडणीवरून एकच मोठी फाइल ओढायला घेतली, तर तेच होतं. काम थांबतं, फाइल अर्धवट राहते. म्हणून वेळ विखरून द्यायची आणि प्रत्येक शाखेत एका संगणकानं फाइल आणून बाकीच्यांना वाटायची.

आणि हिशेब टेलकडून करायचा. '९८ टक्के संगणकांवर नवी आवृत्ती बसली' असा अहवाल आला की संचालक मंडळ खूश होतं. आम्ही विचारू, उरलेले दोन टक्के कोणते? ते बहुधा दूरच्या शाखेतले, महिनाभर बंद असलेले, कुणाच्या नावावर नसलेले संगणक. चोर तिथूनच शिरतो. शिवाय 'बसली' म्हणजे काय? फाइल पोहोचली, की संगणक पुन्हा सुरू होऊन सर्व्हरशी बोलला, की काट्यावर खरोखर एक पावती निघाली? तिसरी खूण पटल्याशिवाय पुढचा टप्पा सोडायचा नाही. आणि ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त संगणक गप्प झाले, तर यंत्रणेनं आपोआप थांबायचं. साहेब फोन उचलतील का, यावर ते अवलंबून ठेवायचं नाही.

छोट्या संस्थांना यातलं बरंचसं स्वतः करता येत नाही, हे आम्ही जाणतो. लहान बँका एकाच कंपनीच्या सेवेवर चालतात. त्याच जुलैच्या अखेरीला सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा एनपीसीआयनं तिची जोडणी तोडली आणि सहकारी व ग्रामीण अशा तीनशेच्या आसपास लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. दार वेळेवर बंद केलं म्हणून आग पसरली नाही, हे श्रेय द्यायलाच हवं. पण त्या बँकांच्या संचालकांना आदल्या दिवशी विचारलं असतं, की तुमचं दार कुणाच्या हातात आहे, तर किती जणांना सांगता आलं असतं?

म्हणून शेवटी काही प्रश्न. आपापल्या संस्थेत वार्षिक देखभालीचा करार असेल, तो काढा आणि सॉफ्टवेअर देणाऱ्याला विचारा. तुमचा एजंट आमच्या संगणकाच्या गाभ्यात चालतो का? तुम्ही पाठवता त्यातलं काय आम्हाला थांबवता येतं आणि काय नाही? 'तो फक्त मजकूर आहे' असं उत्तर आलं, तर त्यानं संगणक बंद पडू शकतो का? मागच्या आवृत्तीवर परत कसं जायचं, आणि संगणक सुरूच होत नसेल तर कसं? बिटलॉकरच्या किल्ल्या कागदावर, कपाटात, कुलपात आहेत का? याची उत्तरं करारात लेखी घ्या. सहकारी संस्थेत सभासदाला हे विचारायचा हक्क आहे, आणि संगणकाचा विषय म्हणून तो हक्क कमी होत नाही.

क्राउडस्ट्राइकचा अहवाल प्रामाणिक आहे, वाचण्यासारखा आहे. त्यानं आपली चूक आकड्यासकट जगापुढे ठेवली, हे सगळ्या कंपन्या करत नाहीत. आमचं म्हणणं एवढंच, की त्यानं २० आणि २१ मधला फरक जितका बारकाईनं मोजला, तितकाच सोळा आणे बारकाईनं एक आणि ८५ लाख यांमधला फरक मोजायला हवा होता. चूक एका फाइलीत होती. ती ८५ लाख ठिकाणी एकाच वेळी पोहोचवायची हे मात्र ठरवून केलेलं होतं. आपल्या संस्थेत ते ठरवणारं माणूस कोण आहे, हे शोधून काढा. कुणीच नसेल, तर येत्या सभेत नेमा.